झऱ्याकाठची शालेय सहल

सहलीचा दिवस ठरला की मुलांच्या आनंदास पारावार राहत नाही. आदल्या रात्री दशम्या बांधल्या जातात, पहाटेस शाळेच्या आवारात रांगा लागतात आणि सायंकाळी मुले थकून, पण हसतमुखाने घरी परततात. मात्र दुसऱ्या दिवशी सहलीचा वृत्तान्त लिहावयास सांगितला असता त्यात जेवणाचे व खेळांचे वर्णन भरपूर आणि पाहिलेल्या स्थळाविषयी एखादेच वाक्य, असा अनुभव बहुतेक शिक्षकांना येतो. हा दोष मुलांचा नव्हे. काय पाहावयाचे आणि कोणत्या क्रमाने पाहावयाचे हे आपण आधी ठरविलेले नसते, म्हणून मुलांची दृष्टी वाट फुटेल तिकडे जाते.

मुळशी तालुक्यातील शाळांना सहलीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. डोंगरउतारावरील लहानशी राई, तिच्यातून गेलेली पाऊलवाट आणि वाटेच्या शेवटी खडकातून पाझरणारा झरा, असे स्थळ या तालुक्यातील कित्येक गावांच्या शिवारात आढळते. अशा एका स्थळी घालविलेला एक दिवस भूगोल, विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र या चारही विषयांचा पाठ कसा होऊ शकतो, हे येथे सांगावयाचे आहे. त्या पाठाचे सार थोडक्यात असे की, झरा पाहावयास गेलेल्या मुलांनी झऱ्याच्या वरचा डोंगर पाहिल्यावाचून परत येऊ नये.

स्थळाची निवड

मुळशी हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील डोंगराळ तालुका होय. पौड हे त्याचे मुख्य ठिकाण. मुळा आणि मुठा या दोन्ही नद्यांचा उगम याच डोंगरांत होतो. पुणे शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील ताम्हिणी परिसरात तो ५,००० मिलिमीटरहूनही अधिक असतो. घाटमाथ्याच्या या पट्ट्यात ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनी, आंबा, भेरली माड अशा वृक्षांची दाट वने अद्याप टिकून आहेत. ताम्हिणीच्या वनास २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे मुलांना न्यावयाचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घेतली पाहिजे.

तथापि अभयारण्यापेक्षाही प्राथमिक शाळेच्या मुलांना जवळची वाटेल अशी जागा म्हणजे देवराई. गावाने देवाच्या नावाने राखलेले वन ते देवराई. तेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही, वाळलेली काटकीही घरी न्यावयाची नाही, असा दंडक पिढ्यानपिढ्या पाळला गेला. ताम्हिणी येथील विंझाई देवीची राई सर्वश्रुत आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. आसपासचे डोंगर उघडे पडले असतानाही देवराईत जुने वृक्ष, वेली आणि पाण्याचे स्रोत कसे टिकून राहिले, हे त्यांच्या अभ्यासामुळे सुशिक्षितांच्या लक्षात आले. गावकऱ्यांना ते पूर्वीपासूनच ठाऊक होते. श्रीवर्धन तालुक्यातील एका गावची राई तोडली जाणार असे कळताच तेथील लोकांनी या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली होती. भोवतालचे रान गेल्यावर इतर ओढे आटले, पण राईतील ओढा मात्र वाहत राहिला, असे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

शहराजवळच्या शाळांनीही निराश होऊ नये. एके काळी मुळशी तालुक्यात गणले जाणारे बावधन हे गाव आता पुणे शहरास जोडले गेले आहे. तेथेही रस्त्याच्या गजबजाटात एक नैसर्गिक झरा आहे आणि रस्त्याच्या बांधकामामुळे त्यास बाध येईल असे दिसताच नागरिक व भूजलतज्ज्ञ त्याच्या रक्षणासाठी पुढे आले. झरा खेड्यात असो वा शहरात, त्याची कहाणी एकच असते. त्याचे पाणी सर्वांना दिसते, ते येते कोठून हे मात्र फार थोडे लोक पाहतात.

सहलीचा काळ

सहल पावसाळ्यात काढू नये. त्या दिवसांत डोंगरातील प्रत्येक घळीतून पाणी वाहते. त्यातले झऱ्याचे कोणते आणि नुसत्या पावसाचे कोणते, हे मुलांना ओळखता येत नाही. शिवाय त्या काळी वाहत्या पाण्याजवळ जाणे धोक्याचे असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात अकस्मात लोंढा आला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढते, ही गोष्ट मुलांना वर्गातच समजावून सांगावी.

दिवाळीनंतर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पाऊस थांबून महिना उलटल्यावर जे पाणी वाहताना दिसते, ते आभाळातून नव्हे तर डोंगराच्या पोटातून आलेले असते. तीच मुले एप्रिलमध्ये पुन्हा एकदा त्याच झऱ्यापाशी नेता आली, तर सहलीचे मोल दुपटीने वाढते. याचे कारण पुढे येईल.

झरा वाहतो कसा?

सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात हा एकच प्रश्न फळ्यावर लिहावा आणि मुलांची उत्तरे ऐकून घ्यावी. जमिनीखाली मोठे तळे आहे, खडकात नदी आहे, देवाची कृपा आहे, अशी उत्तरे येतील. कोणत्याही उत्तरास हसू नये. उत्तरे तशीच राहू द्यावी आणि मग सह्याद्रीची रचना सांगावी.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीस पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला आणि दूरवर पसरून थिजला. असे एकदा नव्हे, अनेक वेळा घडले. पोळीवर पोळी ठेवावी तसे थरावर थर साचत गेले आणि त्यांतून आपले डोंगर कोरले गेले. ताम्हिणीच्या घाटात उभे राहून समोरच्या कड्याकडे पाहिले असता हे आडवे थर पायऱ्यांसारखे स्पष्ट दिसतात. सर्व थर एकसारखे नाहीत. काही काळे व कठीण, परंतु भेगांनी चिरलेले असतात. काहींत थिजताना अडकलेल्या वायूंमुळे बारीक पोकळ्या राहिलेल्या असतात. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो.

पावसाचे पाणी माथ्यावरील मातीत मुरते, भेगांतून खाली उतरते आणि पाणी सहजी न सोडणाऱ्या थरापाशी येऊन थबकते. खाली वाट नसल्याने ते त्या थरावरून आडवे सरकू लागते. डोंगराच्या कुशीत जेथे हा थर उघडा पडलेला असतो तेथे ते बाहेर येते. तोच झरा. म्हणून एकाच उंचीवर ओळीने दोन-तीन झरे असल्याचे पुष्कळ ठिकाणी आढळते. उन्हाळ्यात दुरून पाहिले असता कड्याच्या एका आडव्या रेषेवर तेवढी हिरवळ दिसते, तीही याच कारणाने.

हे समजण्यास एक सोपा प्रयोग पुरेसा आहे. परातीत मातीचा लहानसा ढीग करावा. त्याच्या मध्यावर ओल्या चिकणमातीची पोळी आडवी घालावी, तिच्यावर वाळू रचावी आणि माथ्यावर लोट्याने हळूहळू पाणी सोडावे. थोड्या वेळाने पोळीच्या कडेशी पाणी पाझरू लागते. पाणी ओतणे थांबविल्यावरही काही काळ ते पाझरतच राहते. ‘पाऊस थांबला, मग झरा का थांबला नाही?’ असे विचारावे. उत्तर मुलेच देतील.

पाऊलवाटेवरील पाठ

गावापासून झऱ्यापर्यंतचा रस्ता केवळ पोहोचण्यासाठी नाही. मुलांनी एका रांगेत, जुन्या मळलेल्या वाटेनेच चालावे. वळण चुकविण्यासाठी उतारावरून सरळ उतरण्याचा मोह मुलांना होतो, तेव्हा तेथेच थांबून त्यांना अशी एखादी आडवाट दाखवावी. पुष्कळ पावले पडल्यामुळे तिच्यावरील गवत मेलेले असते, माती घट्ट झालेली असते आणि पहिल्या पावसातच तिची ओघळ बनलेली असते. जुनी वाट वळणे घेत जाते, म्हणून तिच्यावर पाण्यास वेग येत नाही. वाटा पाडणाऱ्या पूर्वजांना हे शास्त्र पुस्तकांतून मिळाले नव्हते. गुरांमागे चालता चालता ते त्यांना उमगले होते.

राईत शिरल्यावर मुलांना पाच मिनिटे स्तब्ध उभे राहावयास सांगावे आणि कानावर आलेले आवाज मोजावयास लावावे. भाग्य असेल तर शेकरूचा खणखणीत आवाज येईल. हा आपला राज्यप्राणी होय. उंच फांद्यांवर काटक्यांचे गोल घरटे दिसल्यास ते बहुधा त्याचेच समजावे. तो एकाहून अधिक घरटी बांधतो. उतारावर कारवीचे दाट रान असेल. कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे पहिलीतील मुलाने तिची फुले पाहिली तर पुन्हा पाहीपर्यंत तो आठवीत गेलेला असेल. कारवीच्या मुळ्या उतारावरची माती धरून ठेवतात हेही सांगावे. झाडांची नावे प्रथम मुलांनाच विचारावी. डोंगरवाडीवरील मुलांना पुष्कळ झाडे शिक्षकांहून अधिक माहीत असतात आणि एखादे दिवशी शिकविणारा आणि शिकणारा यांची जागा पालटली तर दोघांचेही हित होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह ते वाढविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा चालविली गेली. मूल जेथे असते तेथेच शाळा नेता येते, हा त्या प्रयोगाचा अर्थ आपणांसही मार्गदर्शक आहे.

वाटेवर एक प्रयोग अवश्य करावा. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा घेऊन तो चार-पाच सेंटिमीटर जमिनीत दाबून बसवावा, त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरावयास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे. हाच प्रयोग तीन ठिकाणी करावा: पाऊलवाटेवरील घट्ट मातीत, उघड्या माळावर आणि राईतील पालापाचोळ्याखालच्या मातीत. मिळालेले तीन आकडे वहीत एकाखाली एक लिहावे. राईतील भुसभुशीत माती पाणी किती चटकन पिते, हे त्या आकड्यांवरून मुलांना असे कळते की पुढे कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

झऱ्यापाशी

झऱ्यापाशी पोहोचताच मुले धावत पाण्यात उतरतील. त्यांना आवरावे. ते पाणी गावाच्या पिण्याचे असू शकते आणि देवराईत ते पवित्र मानले जाते. प्रथम सर्वांनी हात लावून पाणी गार आहे की कोमट हे सांगावे. थंडीच्या सकाळी ते कोमट भासेल आणि उन्हाळ्यातील दुपारी गार लागेल. पाण्याची उष्णता फारशी बदललेली नसते. बाहेरची हवा बदलते आणि जमिनीच्या पोटातील तापमान जवळजवळ स्थिर राहते.

नंतर झऱ्यातील जीवसृष्टी पाहावी. दगड हलकेच उचलला तर त्याच्या पोटाशी बारीक किडे दिसतात. काही अळ्या वाळूचे कण एकमेकांस चिकटवून स्वतःभोवती लहानशी नळी बांधतात आणि तीतच राहतात. असे प्राणी स्वच्छ, वाहत्या पाण्यातच सहसा आढळतात. पाहून झाल्यावर दगड होता तसाच ठेवावा, कारण तो कोणाचे तरी घर आहे. पाणी कितीही निर्मळ दिसले तरी तपासणी झाल्याखेरीज मुलांनी ते पिऊ नये. घरून आणलेलेच पाणी प्यावे.

आता मुख्य काम. झऱ्याची धार एका ठिकाणी एकवटून दहा लिटरच्या बादलीत धरावी आणि बादली भरण्यास किती सेकंद लागले ते मोजावे. तीन वेळा मोजून सरासरी काढावी. समजा, बादली ५० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर, तासाला ७२० लिटर आणि दिवसाला १७,२८० लिटर पाणी आले. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने ही करंगळीएवढी धार ३१४ माणसांना, म्हणजे एका वाडीला, पुरू शकते. मोठ्या वर्गातील मुलांनी हे गणित स्वतः सोडवावे. पुस्तकातील नळ व हौद यांच्या उदाहरणांस कंटाळलेली मुलेही हे गणित आवडीने करतात, असे दिसून येईल.

झऱ्याच्या वर

बहुतेक सहली येथेच संपतात. वस्तुतः पाठाचा गाभा येथून पुढे आहे. जेवण झाल्यावर, वाट सोपी असेल तेथवर, मुलांना झऱ्याच्या वरच्या उतारावर न्यावे. ते शक्य नसल्यास समोरच्या टेकाडावरून तो उतार दाखवावा. वर झाडी आहे की उघडे रान? गवत राखलेले आहे की वणव्याने काळे झालेले? कोठे माती उकरलेली, रस्ता कापलेला किंवा मोठे बांधकाम चाललेले आहे काय? झऱ्याच्या वर केर वा सांडपाणी साचले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मुलांनी चित्र काढून द्यावी. चित्रात खाली झरा, वर डोंगर आणि मधे पाण्याची वाट दाखवावी.

येथे दुसरे गणित घालावे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. ५,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात एका हेक्टरवर वर्षाला ५ कोटी लिटर पाणी पडते. आपल्या झऱ्यातून त्याच वेगाने वर्षभर पाणी वाहिले तर ते होईल सुमारे ६३ लाख लिटर. म्हणजे एका हेक्टरवर पडणाऱ्या पावसाच्या आठव्या हिश्श्याएवढे पाणी जरी डोंगरात मुरून हळूहळू बाहेर आले, तरी तो झरा बारमाही राहावयास हवा.

मग मुलांना विचारावे, ‘असे असता चैत्र-वैशाखात सह्याद्रीच्या वाड्यांतील झरे का आटतात? आपल्या आया-बहिणींना हंडे-कळशा घेऊन दरीत का उतरावे लागते?’ हा प्रश्न पोकळ नाही. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीने त्या सकाळी शाळेत येण्यापूर्वी दोन खेपा घातलेल्या असू शकतात. पाऊस कमी पडला, हे या प्रदेशापुरते उत्तर होऊ शकत नाही. सकाळच्या डब्याच्या प्रयोगाची आठवण करून दिली म्हणजे खरे उत्तर मुलांच्या ध्यानात येते. पाऊस पडतो, पण थांबत नाही. उघड्या, तुडविलेल्या, जळालेल्या उतारावरून तो काही तासांत दरीत जातो आणि मातीही बरोबर नेतो. राईखालच्या उतारावर तो मुरतो आणि महिनोन्‌महिने झऱ्यावाटे परत मिळतो.

हा प्रश्न मुळशीपुरता नाही. हिमालयातील असंख्य खेडी झऱ्यांवर जगतात आणि तेथील जवळजवळ निम्मे झरे आटत चालले असल्याचे २०१८ साली नीती आयोगाच्या अहवालाने निदर्शनास आणले. सिक्कीम राज्याने २००८ पासून ‘धारा विकास’ नावाचे कार्य हाती घेतले. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेच्या भूजलशास्त्रज्ञांनीही त्यास साह्य केले. तेथे झऱ्यापाशी मोठी बांधकामे केली नाहीत. झऱ्यास पाणी पुरविणारा डोंगराचा भाग कोणता हे खडकांच्या थरांवरून शोधून काढले आणि त्या वरच्या उतारावर चर खणून पावसाचे पाणी अडविले. त्यामुळे कित्येक झऱ्यांची उन्हाळ्यातील धार वाढली. खाली पाणी हवे असेल तर वर काम करावे लागते, हा बोध त्यातून घ्यावयाचा.

पाणी जाते कोठे?

परतीच्या वाटेवर नकाशा काढून मुलांना झऱ्याचा पुढचा प्रवास दाखवावा. झऱ्याचा ओढा होतो, ओढा मुळा नदीस मिळतो. मुळा पुण्यास संगमावर मुठेस भेटते, तेथून ते पाणी भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. परंतु तोच ओढा जर मुळशी जलाशयात उतरत असेल, तर त्याच्या पाण्याचे दैव निराळे असते. धरणात अडविलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे सोडले जाते. १९२७ पासून त्यावर तेथे वीज निर्माण होते आणि मग ते कुंडलिका नदीवाटे अरबी समुद्रास मिळते. शेजारच्या दोन ओढ्यांचे पाणी दोन निरनिराळ्या समुद्रांना जाऊ शकते, ही गोष्ट मुलांच्या कल्पनेस चालना देणारी आहे.

त्या जलाशयाकडे पाहताना मुळशी सत्याग्रहाची हकीकतही सांगावी. धरणात आपली शेते व घरे बुडणार म्हणून मावळच्या शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि सेनापती ही पदवी त्यांना याच लढ्याने मिळवून दिली. १९२४ पर्यंत चाललेला तो लढा यशस्वी झाला नाही, गावे पाण्याखाली गेली. पाणी साठविण्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, हे मुळशीइतके दुसऱ्या तालुक्यास क्वचितच ठाऊक असेल. डोंगराच्या पोटातील साठा मात्र कोणाचेही घर बुडवीत नाही. तो केवळ राखावा लागतो.

सहलीचे नियम

सहल सुरक्षित व शिस्तबद्ध व्हावी म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. शिक्षकाने आदल्या आठवड्यात स्वतः ती वाट चालून पाहावी. निसरड्या जागा, खोल डोह व मधमाश्यांची पोळी हेरून ठेवावी.

२. पालकांची लेखी संमती घ्यावी. ग्रामपंचायतीस कळवावे आणि देवराई असल्यास गावातील जाणत्या माणसांना विचारून तेथील रीतीभाती पाळाव्या. पादत्राणे बाहेर काढण्याची रीत असेल तर मुलांना त्याचा अर्थ सांगावा.

३. गावातील वाट माहीत असलेला एखादा काका किंवा मावशी बरोबर घ्यावी. पुढे एक व मागे एक मोठे माणूस असावे.

४. प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचे पाणी बरोबर असावे. साप दिसल्यास त्यास न डिवचता दूर व्हावे. दगडाच्या कपारीत हात घालू नये.

५. फुले, पाने, घरटी आणू नयेत. आणावयाची ती चित्रे, आकडे आणि प्रश्न. नेलेला कागद वा पिशवी एकही मागे राहू नये.

६. अपंग वा अशक्त मुलास मागे ठेवू नये. वाट अवघड असेल तर सोपी जागा निवडावी, पण वर्ग पूर्ण न्यावा.

झऱ्याची वही

सहलीचा शेवट घरी पोहोचल्यावर होत नाही. प्रत्येक मुलाने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस एक प्रश्न विचारून यावा. ‘आजी, तू या गावात सून म्हणून आलीस तेव्हा तो झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत होता?’ दहा-बारा घरांतून उत्तरे आली की वर्गापुढे गावाच्या पाण्याचा पन्नास वर्षांचा इतिहास उभा राहतो. तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही.

यापुढचे काम शाळेचे. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी, तिच्यावर झऱ्याचे व गावाचे नाव लिहावे आणि दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी चौथी-पाचवीच्या दोन मुलांनी, मोठ्या माणसासह जाऊन, बादली भरण्यास लागलेले सेकंद त्यात नोंदवावे. शेजारी त्या महिन्यातील विशेष गोष्ट लिहावी. वणवा लागला, वरची झाडे तुटली, नवा रस्ता झाला, चर खणले, रोपे लावली. एका वर्षाच्या नोंदीवरून फारसे कळणार नाही. पाच वर्षांच्या नोंदीवरून झरा सुधारतो आहे की खंगतो आहे हे सांगता येईल. दहा वर्षांची वही ग्रामसभेत ठेवली तर तिचे म्हणणे कोणास सहजी डावलता येणार नाही. झऱ्यावरील उतार तोडावा की राखावा, हा प्रश्न कधी ना कधी बहुतेक गावांपुढे येतो. त्या वेळी बोलणारे पुष्कळ असतात, पण ज्यांच्यापाशी आकडे आहेत असे फार थोडे. ते आकडे शाळेपाशी असू शकतात.

येथे एक अडचण आहे आणि ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची आज ना उद्या बदली होते. उत्साहाने आरंभिलेले काम त्याच्याबरोबरच निघून जाते आणि वही कपाटात धूळ खात पडते. मुलेही चार वर्षांत शाळा सोडून जातात. म्हणून शाळेचा कार्यभार सोपविताना हजेरीपट, जंगम मालाची यादी व किल्ल्या यांजबरोबर झऱ्याची वहीही नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी आणि एकदा त्यास झऱ्यापर्यंत सोबत न्यावे. वाट दाखविण्यास मुले आनंदाने येतील.